पेट्रोलचा भाव नक्की कोण ठरवतं? बाजार, कंपन्या की सरकार?

माणदेशी | ११ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९.४०

मुंबईत पेट्रोल १ जुलै २०२४ पासून १०३-साडेतीनच्या आसपास आहे. मधल्या सव्वा वर्षात जगात काय झालं बघा. तेव्हा ब्रेंट, म्हणजे जगाच्या बाजारात भावासाठी धरलं जाणारं कच्चं तेल, पिंपाला ८५ डॉलरच्या घरात होतं, आज ६५ च्या खाली आहे. रुपया घसरला हे खरं, ८३.५० चा डॉलर ८८ च्या पुढे गेला. तरी हिशोब करून बघा. एका पिंपात १५९ लिटर. तेव्हा कच्चं तेल लिटरला ४४-४५ रुपये पडत होतं, आज ३५-३६ पडतं. रुपयाची घसरण धरूनही लिटरमागे नऊ रुपये कमी झाले. पंपावरच्या आकड्यात त्यातलं काय उतरलं? काहीच नाही.

मुंबईच्या एका लिटरची फोड साधारण अशी आहे. कंपनीचा भाव ५२-५३ रुपये. केंद्राची एक्साइज (उत्पादन शुल्क) २१ रुपये ९० पैसे. पंपचालकाचं कमिशन चार-साडेचार रुपये. राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अधिभार, मिळून चोवीस-पंचवीस रुपये. म्हणजे शंभरातले पंचेचाळीस रुपये सरकारांचे. व्हॅट एक्साइजवरही बसतो. केंद्राच्या २१.९० वर राज्य आणखी साडेपाच रुपये घेतं. कराला कर लागतो ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते.

आता थोडा इतिहास. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झालं. सांगितलं गेलं की यापुढे भाव बाजार ठरवेल. वर गेला तर वर, खाली आला तर खाली. आणि नेमकं त्याच सुमारास तेल कोसळलं. जून २०१४ ला ११० डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ ला ३० च्याही खाली गेलं. त्या काळात, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये, एक्साइज नऊ वेळा वाढली. पेट्रोलवर ९.४८ होती ती २१.४८ झाली, डिझेलवर ३.५६ ची १७.३३.

२०२० मध्ये तेच पुन्हा झालं, आणखी जोरात. एप्रिलमध्ये भारताच्या खरेदीचं सरासरी तेल २० डॉलरवर आलं. मार्चमध्ये ३ रुपये आणि मे महिन्यात एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये एक्साइज वाढली. पेट्रोलवरची एक्साइज ३२.९८ झाली. सुरुवातीला ग्राहकाला हे जाणवलंच नाही, कारण पंपावरचा भाव ८२ दिवस गोठवलेला होता. ७ जूनपासून मात्र सलग २१ दिवस भाव वाढला, आणि २४ जूनला दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे पेट्रोलचा भाव सरकार ठरवतं. तेल महागलं की 'आंतरराष्ट्रीय बाजार' पुढे केला जातो, आणि स्वस्त झालं की मधली जागा कर खातो. कर घ्यायलाच नको असं मी म्हणत नाही. पण ठरवता तुम्ही, तर तसं उघड सांगा आणि त्याचं सूत्र जाहीर करा. ज्यांना यातलं आतलं माहीत आहे त्यांनी जरूर लिहावं.

कोथरूडकरीण | ११ ऑक्टोबर, १०.१५

लेख आवडला. एक विचारते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर वेळी येतं की आधीच्या सरकारने तेल रोखे काढून ठेवले, त्याची परतफेड चालू आहे म्हणून पेट्रोल महाग. यात तथ्य किती?

माणदेशी | ११ ऑक्टोबर, १०.५०

ताई, रोखे खरे आहेत. २००५ ते २०१० या काळात सरकारने पंपावरचा भाव दाबून ठेवला आणि कंपन्यांचा तोटा रोख पैशांऐवजी रोखे देऊन भरून काढला. त्या वर्षांतला बोजा पुढच्या करदात्यावर ढकलला गेला, आणि ते चूकच होतं. पण रोख्यांची मुद्दल एकूण सुमारे १.३ लाख कोटी, तीही २०२६ पर्यंत टप्प्याटप्प्याने फेडायची, आणि व्याज वर्षाला १० हजार कोटींच्या आसपास. २०१४-१५ मध्ये केंद्राला पेट्रोलियम पदार्थांवरच्या एक्साइजमधून जवळपास ९९ हजार कोटी मिळाले, २०२०-२१ मध्ये ३.७३ लाख कोटी. त्या एकाच वर्षाच्या वसुलीत सगळी मुद्दल अडीच पटीहून जास्त फिटली असती. रोखे हे एक कारण म्हणून मान्य, मुख्य कारण म्हणून अजिबात नाही.

पंपवाला_परभणी | ११ ऑक्टोबर, दुपारी १.०५

नमस्कार. आमच्या घरात दोन पिढ्यांपासून पंप आहे, म्हणून लिहितो. परभणीचं नाव सगळ्यांनी ऐकलंय ते महाग पेट्रोलसाठी. २०१८ ला आणि २०२१ ला टीव्हीवाले आमच्याकडे कॅमेरे घेऊन आले होते. कारण असं की आमचा टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतो, एका बाजूचं अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. ते भाडं भावात बसतं आणि व्हॅट टक्क्यांत असल्यामुळे त्या भाड्यावरही कर लागतो. मराठवाड्यातल्या माणसाचं उत्पन्न मुंबईपेक्षा कमी, आणि पेट्रोल मात्र मुंबईपेक्षा महाग. इथे मोटरसायकलशिवाय शेतात जाता येत नाही, तालुक्याला जाता येत नाही. वेळेवर एसटी मिळेल याचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट, लोकांना वाटतं भाव वाढला की पंपवाला कमावतो. आमचं कमिशन बहुतेक लिटरवर ठरलेलं असतं. भाव ७० असो की ११०, आम्हाला जवळपास तेच तीन-चार रुपये. भांडवल मात्र वाढतं, कारण टँकर उचलायच्या आधी पैसे भरावे लागतात, आणि ते करासकट. २०१७ नंतर कमिशनमध्ये नीट वाढ झाली ती थेट ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी. मधे ३१ मे २०२२ ला अनेक राज्यांतल्या डीलरांनी एक दिवस माल उचलायचा नाही असं आंदोलन केलं, ते याच मागणीसाठी.

आणि एक्साइज कमी होते ती रात्रीतून. ३ नोव्हेंबर २०२१ ला संध्याकाळी जाहीर झालं की उद्यापासून पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपये कमी. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. दिवाळीच्या गर्दीसाठी सगळ्यांनी टाक्या भरून ठेवल्या होत्या. जुन्या कराने भरलेला माल नव्या भावाने विकावा लागला. वीस हजार लिटर डिझेल शिल्लक असेल तर एक्साइजचेच दोन लाख गेले, व्हॅट वेगळा. ग्राहकाला स्वस्त मिळालं याचा आनंदच आहे. पण त्या सवलतीचा पहिला हप्ता आम्ही आमच्या खिशातून भरला, आणि तो कुणी परत दिला नाही.

सावंतवाडकर | ११ ऑक्टोबर, २.३०

आमच्याकडे उलटं चित्र. बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडली की गोवा, आणि लिटरमागे सात-आठ रुपये कमी. गोव्याला कामाला जाणारी आमची पोरं टाकी तिकडेच भरतात. सीमेच्या अलीकडच्या पंपांनी करायचं काय?

राज्य सरकारच्या हातात किती असतं ते गोव्याने २०१२ ला दाखवलं. पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि पहिल्याच अर्थसंकल्पात पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला. लिटरमागे अकरा रुपये एकदम कमी झाले. पुढे तो कर पुन्हा हळूहळू चढला हेही सांगायला हवं. खाणी बंद पडल्यावर गोव्यालाही पैसा लागत होता. तरी आजही तिथला भाव आपल्यापेक्षा कमीच आहे. राज्याच्या हातात काही नाही असं म्हणणाऱ्याने एकदा पत्रादेवीला यावं.

जमाखर्च | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६.२०

मी विक्रीकर खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. माणदेशी यांची मांडणी बरोबर आहे, पण राज्याला झोडपण्याआधी एक आकडा लक्षात घ्या.

केंद्राच्या २१.९० रुपयांत चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मूळ एक्साइज १.४०, विशेष अतिरिक्त एक्साइज १३, कृषी पायाभूत उपकर २.५०, रस्ते व पायाभूत उपकर ५. वित्त आयोगाच्या सूत्राप्रमाणे ४१ टक्के वाटा सगळ्या राज्यांना मिळून जातो तो फक्त मूळ एक्साइजमधून. १.४० चे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे. २१ रुपये ९० पैशांतले ५७ पैसे, आणि तेही सगळ्या राज्यांत वाटून. उरलेला सगळा केंद्राचा. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला (आता तो ४१ आहे) तेव्हा मोठं कौतुक झालं. त्यानंतर वाटून न द्यावे लागणारे उपकर आणि अधिभार फुगत गेले. हा कल पक्षांच्या पलीकडचा आहे. दिल्लीत बसलेल्या कोणालाही न वाटता येणारा पैसा आवडतो.

राज्याचंही कौतुक करायचं कारण नाही. पेट्रोलियम पदार्थांवर सगळ्यात जास्त विक्रीकर मिळवणारं राज्य महाराष्ट्रच आहे. अधिभाराची गोष्ट तर मुद्दाम सांगतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळ निवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर दोन-दोन रुपये वाढवले. दुष्काळ सरला, पावसाळे चांगले गेले, रुपये तिथेच राहिले. एप्रिल २०१७ मध्ये पेट्रोलवरचा अधिभार आणखी तीन रुपयांनी वाढला. महामार्गावरच्या दारूबंदीमुळे राज्याचा महसूल बुडाला तो त्याच सुमारास. जून २०२० ला करोनाच्या नावाने आणखी दोन रुपये. जुलै २०२२ ला पेट्रोलवरचे पाच आणि डिझेलवरचे तीन कमी झाले, तरी ५.१२ राहिलेच. तात्पुरता म्हणून लावलेला कर आपल्याकडे आपणहून जात नाही.

हे का होतं, तेही खात्यात बसून पाहिलंय. जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात स्वतः दर ठरवता येईल असे मोठे कर उरले तीनच: इंधन, दारू आणि मुद्रांक शुल्क. पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचं व्याज यांना तर पैसे लागणारच. पेट्रोलचा कर बुडवता येत नाही. तो मोजक्या तेल कंपन्यांकडून गोळा होतो, वसुलीला माणसं लागत नाहीत, कज्जेखटले नाहीत. कुठल्याही अर्थखात्याला असा कर सोडवत नाही.

कोथरूडकरीण | ११ ऑक्टोबर, ७.१०

मग जीएसटीत का आणत नाहीत? सर्वाधिक दर लावला तरी भाव कमी होईल ना?

जमाखर्च | ११ ऑक्टोबर, ८.००

होईल, आणि त्याचमुळे आणत नाहीत. घटनेच्या कलम २७९अ मध्ये तरतूद आहे की कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन आणि नैसर्गिक वायू कधीपासून जीएसटीत घ्यायचे ते परिषदेने ठरवायचं. केरळ उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून सप्टेंबर २०२१ च्या लखनौच्या बैठकीत विषय आला, आणि 'ही वेळ नाही' म्हणून मिटला. सगळ्या पक्षांची राज्यं त्यात एका बाजूला होती. एक अंदाज देतो. एप्रिल २०२५ ला एक्साइज दोन-दोन रुपयांनी वाढली, त्यातून केंद्राला वर्षाला ३२ हजार कोटींच्या आसपास मिळतील असं धरलं गेलं. म्हणजे लिटरमागे एक रुपया हलला की १६ हजार कोटी हलतात. दहा रुपये कमी करायचे तर ते एक लाख साठ हजार कोटी दुसरीकडून कसे आणायचे, याचं उत्तर मागणी करणाऱ्यांनीही द्यायला हवं.

लोकलचा_प्रवासी | ११ ऑक्टोबर, रात्री ९.३५

मी थोडं विरोधात बोलतो. पेट्रोल महाग असायलाच हवं. शहरांत हवा श्वास घ्यायच्या लायकीची राहिली नाही आणि एकेका घरात दोन दोन गाड्या आहेत. आयकर भरणारे मूठभर, मग सरकारने पैसा आणायचा कुठून? गाडीवाल्याकडून घेतला तर बिघडलं काय? युरोपात पेट्रोलवर आपल्यापेक्षा जास्त कर आहे.

माणदेशी | ११ ऑक्टोबर, १०.१०

मुद्दा रास्त आहे. पण युरोपात तो कर देणाऱ्याला दर दहा मिनिटांनी ट्राम मिळते. परभणीच्या माणसाला मोटरसायकलऐवजी काय देणार? आपल्याकडे पेट्रोलचा फार मोठा भाग दुचाकीत जातो. दूधवाला, कुरिअरची पोरं, आशाताई हे सगळे एकाच दराने कर भरतात, उत्पन्न काहीही असो. आणि रस्ते उपकर पेट्रोलमध्ये देऊन पुन्हा फास्टॅगवर टोल कापला जातो. पर्यावरणासाठी कर घ्यायचा असेल तर तसं म्हणून घ्या आणि तो पैसा एसटीच्या बसवर खर्च होताना दाखवा. मी स्वतः त्याला हरकत घेणार नाही.

न्यूजर्सीकर | १२ ऑक्टोबर, पहाटे ५.१५

इथलं थोडं सांगतो. अमेरिकेत केंद्राचा पेट्रोलवरचा कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि तो १९९३ पासून बदललेला नाही. तो वाढवायची कुणाची राजकीय हिंमत होत नाही, परिणामी रस्ते निधीत खड्डा पडतो आणि तो सर्वसाधारण तिजोरीतून भरावा लागतो. तेव्हा स्वस्त पेट्रोल म्हणजे शहाणपण, असं नाही.

न्यू जर्सीची पद्धत मात्र या धाग्यासाठी कामाची वाटली. इथे दर वर्षी सूत्राने कर ठरतो. रस्ते-रेल्वे निधीसाठी अमुक रक्कम हवी, गेल्या वर्षी इतका खप झाला, म्हणून पुढच्या वर्षी कर इतका. जास्त वसुली झाली तर कर खाली येतो, आणि तो कमी झालेला मी पाहिला आहे. शिवाय २०१६ च्या सार्वमताने राज्यघटनेत लिहिलं गेलं की पेट्रोलच्या कराचा सगळा पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा. कर वाढला की लोक चिडतात, पण तो कशासाठी वाढला हे कुणालाही सांगता येतं.

शिरोळचा_ऊसवाला | १२ ऑक्टोबर, सकाळी ८.२५

इथेनॉलवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. सुरुवातीला सांगायचे की इथेनॉल मिसळलं की पेट्रोल स्वस्त पडेल. सरकारनेच या वर्षी सांगितलं की इथेनॉलचा सरासरी खरेदीभाव वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१.३२ रुपये पडतो. वर माणदेशींनी कंपनीचा भाव ५२-५३ दिलाय. मग मिसळून स्वस्त कसं होणार? इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे गाडीचं ॲव्हरेजही थोडं घटतं.

तरीही मी इथेनॉलच्या बाजूने आहे, कारण साखरेच्या भावावर कारखाने चालेनात तेव्हा याच पैशातून आमची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, वेळेवर मिळाली. डॉलर परदेशात जाण्यापेक्षा शिरोळ-वाळव्यात आलेले बरे. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी आली. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या होत्या. म्हणजे इथेही ठरवणारं सरकारच, आणि ऐन हंगामात धोरण बदलणारंही सरकारच.

तेलकट | १२ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

मी रिफायनरीत आहे, कुठल्या ते लिहीत नाही. कंपन्यांची बाजूही यायला हवी. 'कच्चं तेल स्वस्त तर पेट्रोल स्वस्त' हे अर्धंच गणित आहे. रिफायनरीच्या दारातला भाव कच्च्या तेलावर ठरत नाही. आखाती आणि सिंगापूरच्या बाजारातल्या तयार पेट्रोल-डिझेलच्या भावावर तो बेतलेला असतो, ऐंशी टक्के आयात आणि वीस टक्के निर्यात धरून. कधी कच्चं तेल उतरतं आणि तयार डिझेल उतरत नाही.

भाव गोठवले की मार आम्हालाही बसतो. ४ नोव्हेंबर २०२१ पासून २२ मार्च २०२२ पर्यंत भाव हलले नाहीत. मधे उत्तर प्रदेशची निवडणूक झाली आणि युक्रेनचं युद्धही सुरू झालं. घाऊक डिझेल तेवढं लिटरला पंचवीस रुपयांनी वाढवलं, तर एसटीसारखे मोठे ग्राहक सरळ किरकोळ पंपावर येऊन भरू लागले, आणि खासगी पंपांना विकणं परवडेना. निकालानंतर, २२ मार्चपासून साधारण दोन आठवड्यांत दहा रुपये वाढले आणि एप्रिलपासून पुन्हा गोठवणूक. त्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत तिन्ही सरकारी कंपन्यांचा मिळून २१ हजार कोटींवर तोटा झाला. पुढे २०२३-२४ ला त्याच तिघींनी मिळून ८१ हजार कोटींच्या आसपास नफा कमावला, कारण तेल उतरलं आणि भाव उतरवू दिले नाहीत. शिवाय घरगुती गॅसचा तोटा आमच्याच ताळेबंदात बसतो. त्यासाठी ३० हजार कोटींची भरपाई मंजूर झाली ती यंदाच्या ऑगस्टमध्ये.

२०१७ ला रोज भाव बदलायची पद्धत आली तेव्हा आम्हाला खरंच वाटलं होतं की आता हे संपलं. पुढच्याच वर्षी कर्नाटकच्या निवडणुकीत एकोणीस दिवस भाव थांबले. लेखी आदेश नसतो. भागभांडवल सरकारचं आहे, तेवढं पुरेसं असतं.

पंपवाला_परभणी | १२ ऑक्टोबर, १.३०

तेलकट साहेब, शेवटचं वाक्य एकदम बरोबर. आम्हाला तर निवडणुकीची तारीख जाहीर झाली की कळतं, आता मतदान होईपर्यंत भाव हलणार नाही. साठा किती ठेवायचा ते त्यावरच ठरतं.

माणदेशी | १२ ऑक्टोबर, ४.००

सगळ्यांचे आभार, विशेषतः जमाखर्च काका आणि तेलकट यांचे. या चर्चेतून माझी मागणी जास्त स्पष्ट झाली.

न्यू जर्सीसारखं सूत्र आपल्याकडे उलट्या अंगाने बसवता येईल. तेल ६० डॉलरच्या खाली असेल तर एक्साइज इतकी, ६० ते ८० ला इतकी, ८० च्या वर इतकी, असा तक्ता अर्थसंकल्पातच मंजूर करून घ्यायचा. मग रात्रीतून अधिसूचना काढायचं कारण राहणार नाही आणि पंपवाल्यांचंही नुकसान टळेल. दुसरं, महाराष्ट्राने व्हॅट टक्क्यांऐवजी लिटरमागे ठरावीक रुपयांत घ्यावा. म्हणजे परभणीच्या टँकरभाड्यावर कर लागणार नाही आणि कराला करही लागणार नाही. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. ५.१२ चा अधिभार आधीच तसा घेतला जातो, मग उरलेला का नाही?

जमाखर्च | १२ ऑक्टोबर, ५.१०

ठरावीक रुपयांची कल्पना खात्यात नवी नाही. अडचण अशी की तेल महागलं की टक्क्यांतल्या व्हॅटचं उत्पन्न आपोआप वाढतं, विधानसभेत जावं लागत नाही. ते सुख अर्थमंत्री सोडणार नाही. पण मराठवाडा-विदर्भाच्या आमदारांनी वाहतूक भाड्यावरचा व्हॅट एवढाच मुद्दा धरला तर तो लहान आहे, महसूलही फार बुडत नाही, आणि तो मान्य होऊ शकतो. परभणीकर, तुमच्या डीलर संघटनेकडून भाड्याचे जिल्हावार आकडे मिळाले तर मी निवेदनाचा मसुदा करून देतो.

पंपवाला_परभणी | १२ ऑक्टोबर, ५.४५

काका, आकडे देतो. हिंगोली, नांदेड आणि लातूरच्या डीलरांशीही बोलतो. मार्चच्या अर्थसंकल्पाच्या आधी, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातच निवेदन गेलं पाहिजे.